घरच्या वाय-फायची किल्ली कुणाकडे?

दोस्तांनो, आज आधी एक कोडं. भिंतीतून जातं पण भोक पडत नाही, घरातले सगळे वापरतात पण दिसत कुणालाच नाही, आणि ते रुसलं की अख्खं घर रुसतं. ओळखा पाहू!

बरोब्बर! घरातलं वाय-फाय.

संध्याकाळी सात वाजताचं घर डोळ्यांसमोर आणा. ताईचा ऑनलाइन क्लास चालू आहे. बाबांचं ऑफिस कानाला लागलेलं आहे. आजी फोनवर कीर्तन ऐकते आहे. दादा म्हणतो की तो अभ्यासच करतोय, पण त्याच्या खोलीतून मधूनच "गोल!" असा आवाज येतो. आणि अचानक ताईच्या बाई पडद्यावर गोठतात, बोट वर, तोंड उघडं. मग सुरू होते लढाई. "दादा, तूच काहीतरी डाऊनलोड करतोयस!" "मी नाही, तुझाच फोन जुना आहे!" आई स्वयंपाकघरातून ओरडते, "ती डबी बंद करून चालू करा रे कुणीतरी!"

आज आपण दोन गोष्टी बघणार आहोत. रुसलेल्या वाय-फायचा रुसवा कसा काढायचा, ही पहिली. आणि त्या डबीची किल्ली कुणाकुणाच्या हाती आहे हे कसं तपासायचं, ही दुसरी. दुसरी जास्त महत्त्वाची आहे, पण पहिली समजली की ती आपोआप समजते. तेव्हा क्रमानेच जाऊ.

नळ आणि पाइपलाइन

पुष्कळ जण वाय-फाय आणि इंटरनेट एकच समजतात. तसं नाही बरं का! नळ आणि नगरपालिकेची पाइपलाइन यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. इंटरनेट बाहेरून तारेने तुमच्या घरापर्यंत येतं. हल्ली ही तार बहुधा काचेच्या बारीक तंतूची असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो. घरात आल्यावर राउटर नावाची डबी ते रेडिओलहरींवर चढवते आणि खोल्याखोल्यांत पसरवते. हा शेवटच्या काही मीटरचा प्रवास म्हणजे वाय-फाय.

म्हणून फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असूनही पान उघडत नाही, असं होऊ शकतं. नळ उत्तम आहे, पण टाकीतच पाणी नाही!

या लहरी भिंतीतून जातात याचं नवल वाटतं ना? आपल्या देशात हे नवल लोकांनी फार पूर्वी पाहिलं आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात, तारेशिवाय, भिंतीपलीकडची घंटा अशाच अदृश्य लहरींनी वाजवून दाखवली होती. वाय-फायचा पहिला नियमसंच मात्र १९९७ सालचा. 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेने तो तयार केला. तेव्हाचा जास्तीत जास्त वेग होता सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे २ एमबीपीएस. 'वाय-फाय' हे नाव आलं त्यानंतर, १९९९ साली.

तुमच्या घरातली डबी बहुधा दोन पट्ट्यांवर बोलते. एक २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे लहरीची सेकंदाला २४० कोटी आंदोलनं. तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तुमच्या वितीपेक्षा जरा कमी. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. त्या लहरी साधारण निम्म्या लांबीच्या. पहिला पट्टा लांब पोचतो पण संथ असतो. दुसरा वेगवान असतो पण भिंतींपुढे लवकर दमतो.

रुसवा काढायच्या पाच पायऱ्या

चांगला वैद्य आधी नाडी बघतो, मग औषध देतो. आपणही तसंच करू. भराभर दहा बटणं दाबायची नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते बघायचं.

पायरी पहिली : एकालाच त्रास की सगळ्यांना? फक्त ताईचाच फोन अडला असेल तर दोष फोनचा. त्यातलं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर फोनच बंद करून चालू करा. सगळेच अडले असतील तर पुढच्या पायरीवर चला.

पायरी दुसरी : डबीवरचे दिवे वाचा. तारेची जोडणी काचतंतूची असेल तर 'एलओएस' असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल लागला किंवा लुकलुकू लागला, तर त्याचा अर्थ बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही. मग तुम्ही घरात काहीही करा, उपयोग नाही. तार कुठे वाकली, दबली, उंदराने कुरतडली का ते बघा आणि कंपनीला फोन करा. ती तार जोरात वाकवू मात्र नका. आत काच आहे, आणि तिच्या टोकाला डोळा लावून बघणं तर मुळीच नको.

पायरी तिसरी : दिवे ठीक असतील तर आईचं म्हणणं खरं! डबीचा वीजपुरवठा बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा आणि दोन-तीन मिनिटं वाट बघा. याने काम का होतं? राउटर म्हणजे एक छोटा संगणकच. कुणाचा निरोप कुणाला द्यायचा याची वही तो सतत लिहीत असतो. दिवसेंदिवस चालू राहून कधीकधी त्या वहीत गोंधळ होतो. वीज गेली की वही कोरी होते. पण सावध! डबीच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. त्यातलं बटण दाबून धरलं तर वहीबरोबर सगळ्या सेटिंगही पुसल्या जातात, आणि मग कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागतं. तिकडे हात नको.

पायरी चौथी : डबी बसलीय कुठे? लोखंडी कपाटामागे, आरशामागे, पाण्याच्या टाकीशेजारी, नाहीतर टीव्हीच्या पाठीमागे धुळीत? धातू या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. सिमेंटच्या जाड भिंतीत तर लोखंडी सळयाही असतात. डबीची जागा घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळ्यावर. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच २.४ गिगाहर्ट्झच्या शेजारी काम करतो. आई पोळ्या गरम करायला लागली आणि क्लास अडकला, तर योगायोग समजू नका! अशा वेळी फोन ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडा.

पायरी पाचवी : गर्दी किती? हिला थोडी जास्त जागा देऊ, कारण बहुतेक लढाया इथेच होतात.

वर्गातला गोंगाट

एका पट्ट्यावर एका वेळी एकानेच बोलायचं, असा वाय-फायचा नियम आहे. वर्गात बाईंनी सांगितलेलं असतं ना, "हात वर करा, एकेकाने बोला," तसंच. प्रत्येक यंत्र आधी कान देतं, कुणी बोलत नाही असं दिसलं की बोलतं. दोघं एकदम बोलले तर दोघंही थांबतात आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. यंत्रं वाढली की थांबणंही वाढतं. त्यातून एखादा जुना फोन लांबच्या खोलीत असेल तर तो अडखळत, सावकाश बोलतो आणि बाकीच्यांना ताटकळत ठेवतो.

शेजारच्यांची डबीसुद्धा याच हवेत बोलत असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे असे तीनच रस्ते आहेत : १, ६ आणि ११ क्रमांकाचे. दाट वस्तीच्या सोसायटीत पाचपंचवीस डब्या या तीन रस्त्यांवर कोंबलेल्या असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये रस्ता बदलता येतो. तीनही आलटून पालटून वापरून बघा.

आता जरा गणित. तुमची जोडणी ४० एमबीपीएसची आहे असं समजा. त्यातला 'बी' म्हणजे बिट. फाइलचं माप असतं बाइटमध्ये, आणि ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे ४० भागिले ८, सेकंदाला ५ मेगाबाइट. दादाला १० जीबीचा गेम उतरवायचा असेल तर किती वेळ लागेल? १० हजार मेगाबाइट भागिले ५, म्हणजे २ हजार सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं! तेवढा वेळ घरातल्या बाकी सगळ्यांनी उपास करायचा. तेव्हा दादासाहेब, गेम रात्री सगळे झोपल्यावर उतरवा. ही तक्रार यंत्राची नव्हे, एकमेकांना सांभाळून घेण्याची आहे.

पण समजा, दादाने काहीच उतरवलेलं नाही. ताईचा फोन नवा आहे. दिवे हिरवे आहेत. डबी मोकळ्यावर आहे. तरीही वेग नाही. मग प्रश्न पडतो : आपल्या वाय-फायवर आपल्याशिवाय आणखी कुणी आहे का?

वाड्याचा पत्ता एकच

जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असत, पण पत्ता एकच असे. पोस्टमन पत्रं दारात देऊन जायचा, आणि कुठलं पत्र कुणाचं हे आतलं कुणीतरी बघायचं. तुमच्या राउटरचं काम हेच. घरातल्या प्रत्येक फोनला आतला एक क्रमांक असतो, पण बाहेरच्या जगाला दिसतो तो वाड्याचा एकच पत्ता. तो पत्ता ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या नावाशी बांधलेला असतो. म्हणजे बहुधा आईच्या नाहीतर बाबांच्या.

यात काय एवढं, असं म्हणाल. मग २००८ सालची ही गोष्ट ऐका.

२६ जुलै २००८ या दिवशी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. पुष्कळ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल आला होता. पोलीस त्या ई-मेलच्या पत्त्याचा माग काढत निघाले आणि पोचले कुठे? आपल्या नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या दारात! तिथे एक परदेशी गृहस्थ राहत होते. त्यांची चौकशी झाली, त्यांचे संगणक तपासले गेले. अखेर उलगडा झाला तो असा, की त्यांचं वाय-फाय दुसऱ्याच लोकांनी वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात तसाच आणखी एक ई-मेल मुंबईतल्या एका कॉलेजच्या वाय-फायवरून गेला. २००९ साली दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना वाय-फायच्या सुरक्षिततेबद्दल सूचना काढल्या, त्या याच पार्श्वभूमीवर.

घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. पण दार उघडं टाकलं की आत येऊन कुणी काय करेल ते आपल्या हातात राहत नाही, आणि पोलीस पहिल्यांदा पत्त्यावरच येणार, एवढं लक्षात ठेवा.

दोन कुलपं, दोन किल्ल्या

तुमच्या राउटरला कुलपं दोन असतात. पहिलं वाय-फायचं. हा पासवर्ड टाकला की फोन आत येतो. दुसरं खुद्द राउटरच्या सेटिंगचं. पहिली किल्ली वाड्याच्या दिंडीदरवाज्याची म्हणा, तर दुसरी तिजोरीची. कारण सेटिंगमध्ये जो शिरला तो दिंडीदरवाज्याची किल्लीही बदलू शकतो, आणि तुम्ही बँकेचं नाव टाकल्यावर तुम्हाला भलत्याच खोट्या दारात नेऊन उभंही करू शकतो.

गंमत अशी, की पहिलं कुलूप लोक लावतात आणि दुसरं कारखान्यातून आलं तसंच ठेवतात. नाव 'अॅडमिन', पासवर्डही 'अॅडमिन'! याचा परिणाम २०१६ साली जगाने पाहिला. 'मिराई' नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर राउटर आणि कॅमेरे शोधत फिरायचा आणि कारखान्यातल्या नाव-पासवर्डच्या साठ-एक जोड्या एकेक करून लावून बघायचा. बस्स, एवढंच. एवढ्यावर त्याने लाखो यंत्रं ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांनी एकदम हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी बडी नावं काही तास कित्येक लोकांना उघडेनात. ज्यांचे कॅमेरे या फौजेत सामील झाले, त्या घरांना याचा पत्ताही नव्हता. मिराई तयार करणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण होते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला.

पहिल्या कुलपाचीही एक कहाणी आहे. १९९७ साली आलेल्या कुलपाचं नाव डब्ल्यूईपी. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन अभ्यासकांनी ते किती कच्चं आहे हे दाखवून दिलं. मग २००३ साली डब्ल्यूपीए आलं, २००४ साली डब्ल्यूपीए२. त्यातही २०१७ मध्ये मॅथी वानहोफ या बेल्जियमच्या संशोधकाने एक फट शोधली. ती सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने बुजवता आली. २०१८ साली डब्ल्यूपीए३ आलं. तुमच्या डबीत डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी दिसलं तर डबीच बदलायची वेळ झाली. आणि राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट का करायचं, हे त्या २०१७ च्या फटीवरून कळलंच असेल.

मोबाइल नंबरचा पासवर्ड? गणित करू!

आपल्याकडचा सगळ्यांत लाडका वाय-फाय पासवर्ड कुठला असेल? बाबांचा मोबाइल नंबर! लक्षात राहतो ना. तो किती पक्का आहे, हे वही-पेन्सिल घेऊन बघू.

डब्ल्यूपीए२ मध्ये फोन आणि राउटर यांची ओळख पटताना जे बोलणं होतं, ते बाहेर उभा असलेला माणूस ऐकून ठेवू शकतो. त्यात पासवर्ड उघड नसतो. पण तो माणूस घरी जाऊन आपल्या संगणकावर एकेक अंदाज ताडून बघू शकतो. आजचं एखादं ताकदीचं ग्राफिक्स कार्ड असे सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं.

आठ आकड्यांचा पासवर्ड, समजा जन्मतारीख. एकूण शक्यता १० कोटी. भागिले दहा लाख, म्हणजे १०० सेकंद! चहा उकळायच्या आत काम फत्ते. आता मोबाइल नंबर. दहा आकडे, पण आपल्याकडे पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ यांतलाच. म्हणून शक्यता ४०० कोटी. भागिले दहा लाख, म्हणजे ४ हजार सेकंद. सव्वा तासही लागला नाही.

आता दुसरी युक्ती. शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा. जो शब्द येईल तो. असे पाच शब्द काढा, समजा : टोपली, वादळ, नारळ, घुबड, शिडी. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. कोशात ५ हजार शब्द धरले, तर चार शब्दांच्या सगळ्या शक्यता तपासायला त्याच कार्डाला सुमारे २० वर्षं लागतील. आणि पाचवा शब्द जोडला तर? जवळजवळ १ लाख वर्षं! एका घुबडाने केवढी करामत केली बघा. मात्र शब्द खरोखर बोट ठेवूनच काढायचे. स्वतःचं, कुत्र्याचं आणि आवडत्या क्रिकेटपटूचं नाव चालणार नाही. आणि वर दिलेले पाचही चालणार नाहीत, कारण ते आता छापले गेले!

डब्ल्यूपीए३ मध्ये घरी नेऊन अंदाज ताडण्याची ही सोयच काढून टाकली आहे. प्रत्येक अंदाज राउटरला विचारूनच करावा लागतो. तरी कुलूप नवं म्हणून किल्ली कागदाची करायची नसते.

आणखी तीन बारीक गोष्टी. राउटरवर 'डब्ल्यूपीएस' नावाची सोय असते. तिच्या आठ आकडी पिनमधली चूक २०११ साली उघड झाली : प्रत्यक्षात फक्त ११ हजार अंदाज पुरतात. ती बंद ठेवा. दुसरं, वाय-फायचं नाव लपवलं की कुणी येणार नाही, हा समज चुकीचा आहे. शोधणाऱ्याला ते सापडतंच. नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव घालू नका, एवढं बस. तिसरं, पासवर्डऐवजी दाखवायचा तो काळा-पांढरा चौकोनी कोड. त्यात पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो. तो हॉलच्या भिंतीवर चिकटवणं म्हणजे किल्ली खिळ्याला टांगणं.

दोन याद्या

आता आपल्या मूळ शंकेकडे. आत कुणी परकं आहे का?

आधी कागदावर पहिली यादी करा : घरातलं काय काय वाय-फायला जोडलेलं आहे? फोन, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर, जिन्यातला कॅमेरा, बोलणारा दिवा, आजीचा जुना टॅब. मग आई-बाबांना बरोबर घेऊन राउटरचं पान उघडा. त्याचा पत्ता डबीच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथे जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते. ती दुसरी यादी. दोन्ही शेजारी ठेवा आणि जुळवा.

एखादं अनोळखी नाव दिसलं की लगेच, "खालच्या मजल्यावरचे काका आपलं वाय-फाय चोरतात!" अशी आरोळी ठोकायची नाही. हल्लीचे फोन आपला खरा क्रमांक लपवून दुसराच क्रमांक सांगतात. अनोळखी पाहुणा तुमचाच टीव्ही निघण्याची शक्यता पुष्कळ असते. एकेक यंत्र बंद करा आणि यादीतून कुठलं नाव जातं ते बघा. सगळं बंद करूनही एक नाव उरलं, तर ते परकं. तरीही भांडण नको. पासवर्ड बदला. बाहेरचा आपोआप बाहेर जाईल. घरातल्यांना नवा पासवर्ड पुन्हा टाकावा लागेल, तेवढा त्रास सोसा.

मग शेजारधर्माचं काय?

समजा, शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "अहो वहिनी, आमचं नेट बंद पडलंय आणि हिचा उद्या ऑनलाइन पेपर आहे. दोन तास तुमचं मिळेल का?" नाही म्हणायचं? छे! शेजारी मग कशाला असतात?

बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, म्हणजे पाहुण्यांची खोली. तिचा पासवर्ड वेगळा ठेवता येतो. तिथून पाहुण्याला इंटरनेट मिळतं, पण तुमचा प्रिंटर, कॅमेरा, लॅपटॉप यांच्यापर्यंत पोचता येत नाही. पेपर झाला की खोली बंद. घरच्या पासवर्डला धक्का नाही, काकूंना अवघडल्यासारखं नाही.

पण एक लक्षात घ्या. पाहुण्यांची खोली वेगळी असली तरी वाड्याचा पत्ता तोच राहतो. म्हणून ती खोली ओळखीच्या माणसालाच द्यायची, कायमची उघडी टाकायची नाही. आणि तुमच्या वाय-फायचा पासवर्ड मित्राला द्यायचा असेल तर आधी घरात विचारायचं. शाळेच्या ग्रुपवर एकदा टाकलेला पासवर्ड कुणाकुणाकडे गेला, हे मग तुम्हालाही सांगता येणार नाही.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. शेजारच्यांचं वाय-फाय उघडं दिसलं, तर त्यात शिरायचं नाही. दार उघडं असलं म्हणून आपण कुणाच्या घरात जातो का? परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं हा आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा भंग आहे. त्यापेक्षा त्यांचं दार वाजवा आणि सांगा, "काका, तुमचं वाय-फाय उघडं आहे. लावून देऊ का कुलूप?" पाठीवर शाबासकीची थाप मिळेल, कदाचित लाडूही!

आई-बाबांसाठी चार ओळी

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा आणि तो वहीत लिहून कपाटात ठेवा. जोडणी करून देणाऱ्या माणसाने ठेवलेला पासवर्ड तो गेल्यावर बदला. बँकेचं काम करताना वाय-फाय कितीही पक्कं असलं तरी ओटीपी कुणाला सांगू नका, कारण किल्ली आपणच हातात दिली तर कुलपाचा काय दोष? पैशांची फसवणूक झालीच, तर लाजत न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. आणि मुलांनी काही चुकीचं दाबलं म्हणून सांगायला आली, तर आधी त्यांनी सांगितलं याबद्दल शाबासकी द्या. रागावलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाहीत.

या आठवड्याचा उद्योग

घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत उभं राहून फोनवर वाय-फायच्या किती रेघा दिसतात ते नकाशावर लिहा. मग डबीची जागा एकदाच बदला, घरात विचारून, आणि पुन्हा लिहा. कुठे वाढल्या, कुठे कमी झाल्या? मध्ये कपाट होतं की भिंत? दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की अदृश्य लहरी तुम्हाला चक्क कागदावर दिसू लागतील.

त्यानंतर त्या दोन याद्या. त्या आजच करा, रविवारची वाट बघू नका. तुमच्या वाड्याच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत, हे घरातल्या एकाला तरी पक्कं ठाऊक असायला हवं. ते एक कोण, हे आता सांगायला नकोच!